आत्याबाईंचं तळघर

हेब्बाळच्या तळ्याकडे उतरणाऱ्या गल्ल्यांतली काही घरं पुढून पाहिली तर दुमजली दिसतात आणि मागून तिमजली. जमीन उताराची, प्लॉट तीस बाय चाळीस फुटांचा, आणि बंगळूरमधल्या जागेचा भाव असा की एक फूटही मोकळा सोडवत नाही. मग उताराच्या बाजूला जमिनीत अर्धी रुतलेली एक खोली निघते. बांधताना तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. पंप, जुनी कपाटं, मुलांच्या सायकली तिथे जातात. वरच्या मजल्यांचे सगळे नळही तिच्याच छताखालून फिरवतात, कारण तिथे कुणी बसणार नसतं. काही वर्षांनी घर अपुरं पडतं, तळघराला फरशी बसते, भिंतींना रंग लागतो, दिवे येतात. आणि मान वर केली की नळ दिसतात.

अशाच एका घरात आत्याबाई राहायला आल्या. नगरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भावाचा मुलगा मन्याता टेक पार्कात नोकरीला, त्याने आग्रह करकरून त्यांना आणलं. त्यांच्याबरोबर कपड्यांच्या दोन बॅगा आल्या आणि पुस्तकांचा एक अख्खा टेम्पो आला. भाच्याने तळघर त्यांच्या नावे केलं. भिंतभर फळ्या ठोकल्या, एक दिवाण टाकला, खाली सतरंजी अंथरली. शनिवारी संध्याकाळी आसपासच्या मराठी घरांतली मुलं तिथे मराठी वाचायला येतील असं ठरलं.

भाच्याचा आत्यावर फार जीव. खोली नीटनेटकी, देखणी व्हावी असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि नजरेला खुपत होतं ते छत. जाडजूड चार इंची नळ एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली. त्याच्या बाजूने पांढरे, पिवळसर, करडे नळ, मध्येच एखादा गंजका लोखंडी, आणि सगळ्यांवर लोंबणाऱ्या वायरी. त्याने इंटिरियरचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं. जिप्समच्या पाट्यांचं एकसंध पांढरं छत ठरलं. कुठे सांधा दिसायचा नाही, मधोमध दिव्यांच्या दोन ओळी.

घरचा प्लंबर त्या दिवशी पंप पाहायला आला होता. हा माणूस ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचा. भारतातल्या कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबरला गाव विचारा, बऱ्याचदा हाच जिल्हा निघतो. तिथल्या पट्टामुंडईला तर सरकारने प्लंबिंग शिकवणारी संस्थाच काढली आहे. घरातले सगळे त्याला भाई म्हणत. त्याने वर पाहिलं आणि हिंदी-कन्नड मिसळून जे सांगितलं ते असं: “सर, दोन दारं ठेवा. एक इथे, या मोठ्या लाईनच्या वळणावर. इथे साफसफाईचं झाकण आहे. दुसरं तिथे, कॉक आहेत त्यांच्याखाली.”

इंटिरियरवाल्याला ते पटलं नाही. एकसंध छतात दाराची चौकट उठून दिसणार. त्याला आणखी एक हवं होतं. मोठा नळ एका टोकाला खाली येतो म्हणून सगळं छतच खाली घ्यावं लागत होतं, तेव्हा ते टोक जरा उचलून नळ सपाट करावा. याला मात्र भाईने साफ नकार दिला. सांडपाण्याच्या चार इंची नळाला साधारण चाळीस ते साठ फुटांमागे एक फूट उतार लागतो. “उतार काढला तर पाणी पुढे निघून जाईल आणि घाण मागे राहील,” तो म्हणाला. त्याचं एवढं ऐकलं गेलं, छत खाली घेतलं. दारांचं ऐकलं नाही.

पुढे काय झालं ते लांबवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात त्या पांढऱ्या छतावर एक पिवळट डाग आला, मग पाण्याचा फुगा आला आणि एका पहाटे पाटी ओली होऊन खाली आली. पाणी कुठल्या नळाचं ते कळेना. पंप बंद केला तेव्हा सगळ्या घराचं पाणी गेलं. तीन ठिकाणी छत कापल्यावर सापडलं, एका जुन्या पितळी कॉकची वायसर गेली होती. काही रुपयांची वस्तू. पण ज्या फळीवर पाणी पडलं तिथे आत्याबाईंचे नकाशासंग्रह होते, पदरच्या पैशांनी एकेक करून जमवलेले. पानं एकमेकांना चिकटली, शाई पसरली. भाचा त्या पुस्तकांपुढे कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

“आत्या, आता पाण्याने खराब न होणाऱ्या पाट्या लावू,” तो म्हणाला.

“नको रे. काही दिवस असंच उघडं राहू दे. मला जरा बघू दे.”

आत्याबाईंनी उरलेलं छतही काढायला लावलं. दिवाण फळ्यांपासून दूर सरकवला आणि त्या नळांखाली बसू लागल्या. हातात वही. सकाळी वर आंघोळी सुरू झाल्या की कुठला नळ वाजतो, स्वयंपाकघरात भांडी घासली जातात तेव्हा कुठला, पाऊस आला की कुठला. माणूस भूगोलाचा, जे वाहतं ते कुठून येतं आणि कुठे जातं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वहीत रेघा उमटल्या, रेघांना फाटे फुटले, आणि आठवड्याभरात त्या पानावर नद्यांच्या नकाशासारखं काहीतरी तयार झालं.

मग त्यांनी भाईला चहाला बोलावलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. इतकी वर्षं तो लोकांच्या घरांत काम करत होता, पण नळ समजावून सांग असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तो स्टुलावर चढला आणि बोटाने एकेक नळ दाखवू लागला.

हा कावेरीचा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, जवळ मोठी नदी नाही, म्हणून कावेरीचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून आणि जवळजवळ 500 मीटर उंच चढवून इथे आणतात. त्या योजनेचा पहिला टप्पा 1974 सालचा. हा दुसरा बोअरचा. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या हजारो बोअर आटल्या तेव्हा यातूनही नुसता वारा येत होता आणि घर टँकरवर चाललं होतं. हा गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा. 2009 पासून बंगळूरमध्ये ठरावीक मापावरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे, म्हणून तो गाळणीकडे जातो. हे तिन्ही शेवटी जमिनीखालच्या टाकीला मिळतात. या घराच्या गच्चीवर टाकी नाही, प्रेशर पंप पाणी थेट वर चढवतो, आणि म्हणून सगळ्या मजल्यांचे कॉक इथे तळघरात आहेत.

“आणि हा जाडा?”

“तो सगळ्यांनी टाकलेलं घेऊन जातो, अम्मा.”

“कुठे?”

“रस्त्याच्या मोठ्या लाईनला. पुढचं मला ठाऊक नाही.”

पुढचं आत्याबाईंना ठाऊक होतं. या गावात आल्यापासून त्या वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवत होत्या. हेब्बाळ-नागवारा खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातली कोरडी तळी भरायला पाठवतात. तिथल्या विहिरींना त्याने पाझर सुटतो. त्यांनी ते सांगितलं तेव्हा भाई स्टुलावरून खाली उतरला आणि त्या चार इंची नळाकडे नव्याने पाहत राहिला. ज्या नळाची सगळ्यांना लाज, ज्याला झाकण्यासाठी एवढा खर्च झाला, तो कुठल्या तरी शेतकऱ्याच्या तळ्याकडे निघाला होता.

मला वाटतं, तळघर खऱ्या अर्थाने सुधारायला सुरुवात झाली ती या चहाच्या वेळी. रंगाचे डबे त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आले.

आत्याबाईंनी भाईला नगरचे खापरी नळ सांगितले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या त्या निजामशाही शहराला कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी येत असे. शिकायला पुण्यात असताना पाहिलेले उच्छ्वास सांगितले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून जो पाणीमार्ग आणला, त्यावर ठरावीक अंतरावर हे उच्छ्वास बांधलेले आहेत. हवा बाहेर पडावी, गाळ काढायला माणसाला आत उतरता यावं, यासाठी. “लपवायचंच असतं तर त्यांनी सरळ माती लोटली असती,” त्या म्हणाल्या. “पण जिथे माणसाला उतरावं लागणार, तिथेच त्यांनी दगड घडवून बसवला.”

भाईने विचारलं, “मग अम्मा, आपण काय करायचं?”

“तू सांग. तुला इथे काम करायला काय लागतं ते आधी सांग. सुंदर कसं करायचं ते मग बघू.”

काम या क्रमाने झालं आणि हा क्रम फार मोलाचा आहे. घरातले उघडे नळ खुपतात म्हणून थेट ब्रश हातात घेणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. भाईने पहिल्यांदा मेलेले नळ काढले. जुन्या बांधकामात असे एक-दोन असतातच, कधीतरी बंद केलेले आणि तसेच लोंबत राहिलेले. गंजका लोखंडी तुकडा त्यातलाच होता. मग वायरी वेगळ्या करून भिंतीच्या कडेने पट्टीत घातल्या. झोळ पडलेल्या नळांना सारख्या अंतरावर नवे क्लँप दिले, शेजारचे नळ एकमेकांना समांतर आणले. सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर कागद बांधून ठेवला, कुठे ओल दिसते का पाहायला. एवढ्यानेच छताचं अर्धं रूप पालटलं. गबाळेपण नळांचं नव्हतंच, ते नळांवर साचलेल्या हयगयीचं होतं.

दुसरं मोठं काम कॉकचं. ते छताला लागून होते, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नसे. भाईने पाच वाटा भिंतीवर खाली आणल्या आणि पाचही कॉक एका ओळीत बसवले, आत्याबाईंच्या खांद्याइतक्या उंचीवर. आत्याबाई मुळात ठेंगण्या. त्यामुळे ती ओळ मुलांच्याही हाताला आली.

मग रंग. वरचे पिवळसर नळ सीपीव्हीसीचे, गरम पाणी नेणारे. त्यांना ऑईलपेंट किंवा थिनरचा हात लागू द्यायचा नसतो, ते प्लास्टिक त्याने कमजोर होतं. पाण्यात कालवायचा अॅक्रिलिक रंगच चालतो. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, बारीक पॉलिशपेपरने नळाची चकाकी मारून, प्लास्टिकवर धरणारा प्रायमर देऊन मग रंगाचे दोन पातळ हात. नळांवरचे मापाचे आणि कंपनीचे छापील शब्द जिथे उपयोगी होते तिथे भाईने चिकटपट्टी लावून ते वाचवले.

रंग कुठले, यावर घरात बरीच चर्चा झाली. भाच्याच्या बायकोने, म्हणजे सूनबाईंनी, कुठेतरी वाचलं होतं की छत आणि नळ सगळं काळपट करून टाकलं की नळ नजरेआड होतात. ते खरं आहे, मोठ्या उंच दालनांत तसं करतातही. पण हे तळघर बुटकं, उजेड एका खिडकीचा, आणि मुलांना खाली बसून वाचायचं. आत्याबाईंनी छत फिकट पांढरं ठेवलं. जे नळ कुणाला कधी हाताळावे लागणार नाहीत ते छताच्याच रंगात रंगवले, आणि ते खरोखर विरून गेले. ज्यांच्याशी काम पडणार त्यांना रंग दिला. भाई एके काळी कारखान्याच्या बांधकामावर होता. तिथे आयएस 2379 हे भारतीय मानक पाळतात आणि पाण्याच्या नळाला समुद्री हिरवा देतात, असं त्याने सांगितलं. म्हणून कावेरी समुद्री हिरवी झाली. बोअरला मातीचा तांबूस, पावसाला निळा, गरम पाण्याला लाल. चार इंची नळाला कुठला द्यावा यावर आत्याबाई दोन दिवस अडल्या आणि शेवटी त्याला गर्द जांभळा दिला, पैठणीच्या काठाशेजारी असतो तसला.

मोठी नात, म्हणजे भाच्याची लेक, जिचं लग्न ठरायच्या बेतात होतं, तिने पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे फोटो आणून दाखवले. 1977 साली उघडलेली ती इमारत. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी तिचे सगळे नळ बाहेरच्या अंगाला आणले. निळे हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे, आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटा लाल. सुरुवातीला लोकांनी तिला तेलशुद्धीकरणाचा कारखाना म्हणून हिणवलं. पुढे मात्र पॅरिसला जाणारी माणसं ती मुद्दाम पाहायला जाऊ लागली. आत्याबाईंनी तो फोटो फळीला टाचणीने लावला.

आवाज मात्र राहिला. मुलं धडा वाचत असताना वर कुणी फ्लश ओढला की जांभळा नळ गडगडे आणि वर्ग हसू लागे. क्लँपखाली रबर घातलं, नळाभोवती एसीच्या नळांना लावतात तसली फोमची जाड काळी पट्टी गुंडाळली. पट्टीवरून सूनबाईंनी वेताची जाळी बसवली, हुकांवर अडकवलेली, हाताने निघणारी, आणि जांभळा रंग तिलाही दिला. वळणावरचं झाकण मोकळं ठेवलं. आवाज पूर्ण गेला नाही, पण वाचणाऱ्याचा शब्द ऐकू येऊ लागला. (या घराच्या तळघरात गॅसचा नळ नव्हता. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो कधीही पाट्यांत कोंडू नये, रंगवावा आणि उघडाच ठेवावा.)

राहिली ती कॉकची ओळ. चन्नपट्टण बंगळूरहून साठेक किलोमीटरवर, म्हैसूरच्या वाटेला. तिथे काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर फिरवतात, फिरतं असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी धरतात आणि केवड्याच्या पातीने घासून चमक आणतात. लहान मुलांच्या एकावर एक चढवायच्या रंगीत कड्या तिथे मिळतात. आत्याबाईंनी त्या आणवल्या आणि प्रत्येक कॉकला दोरीने एक कडी अडकवली. पिवळी म्हणजे वरच्या मजल्याचं पुढचं न्हाणीघर, नारिंगी म्हणजे मागचं, हिरवी स्वयंपाकघर, निळी बागेचा नळ, लाल सगळ्या घराची मुख्य लाईन. शेजारी पाटी, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत, कारण कामाला येणारा कुठल्याही गावचा असू शकतो.

पाटी लिहिताना एका मुलाने विचारलं, की भाईकाकांना तर सगळं पाठ आहे, मग लिहायचं कशाला? आत्याबाईंनी त्या शनिवारी धडा बाजूला ठेवला आणि कित्तय्याची गोष्ट सांगितली. 2018 मध्ये याच हेब्बाळात गटारासाठी खणताना एक दगड वर आला. त्यावर जुन्या कन्नडमध्ये लेख होता आणि कित्तय्या नावाच्या, लढताना पडलेल्या वीराचं चित्र. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, सुमारे इसवी सन 750 चा. बंगळूरमधला सगळ्यांत जुना कन्नड लेख म्हणून अभ्यासक त्याच्याकडे पाहतात, आणि हेब्बाळचं त्या वेळचं नावही त्यातूनच कळतं. “त्या वेळी इथे सगळ्यांना कित्तय्या पाठच असेल,” आत्याबाई म्हणाल्या. मुलांनी मग पाटी स्वतः रंगवायला मागितली.

भाचा या सगळ्यापासून जरा लांब होता. नकाशे भिजल्याची बोच त्याला होती, त्यामुळे तो आत्याला नाही म्हणत नसे. पण त्याच्या डोळ्यांना ते छत अजून अर्धवटच वाटत होतं. नातीचा साखरपुडा ठरला आणि पाहुणे जास्त म्हणून जेवणाच्या पंगती तळघरात मांडायचं ठरलं, तेव्हा त्याने विषय काढला.

“आत्या, एक दिवसापुरतं छताला पांढरं कापड बांधतो. व्याही पहिल्यांदाच येतायत. पंपाच्या खोलीत जेवायला बसवलं असं वाटायला नको त्यांना.”

“बांध की. तुझ्या लेकीचा दिवस आहे. कॉकची भिंत तेवढी सोड.”

“तीच तर समोर येते.”

“येऊ दे समोर.”

त्याने छताला कापड बांधलं. भिंतीवरही एक झालर सोडली होती, ती आत्याबाईंनी सकाळी उठून सोडवली आणि घडी घालून दिवाणावर ठेवली. भाच्याने पाहिलं, पण तो काही बोलला नाही.

साखरपुडा वरच्या दिवाणखान्यात यथासांग झाला. खाली पहिली पंगत बसली, मसालेभात वाढून झाला होता, आणि वरून आरडाओरडा ऐकू आला. पुढच्या न्हाणीघरातली फवाऱ्याची नळी भिंतीपासून तुटली होती. प्रेशर पंपाचं पाणी, धार समोरच्या दारापर्यंत. बघता बघता दिवाणखान्यातल्या गालिच्याला पाणी लागलं आणि जिन्यावरून खाली येऊ लागलं. भाचा वर धावला, तुटलेल्या तोंडावर टॉवेल दाबून उभा राहिला आणि ओरडू लागला, “पंप बंद करा! कुणीतरी भाईला फोन लावा!” भाई त्या दिवशी येलहंक्याला कुणाच्या तरी कामावर होता.

पंप बंद केला असता तर पाणी थांबलं असतं. पण वर आचारी दुसऱ्या पंगतीच्या पुऱ्या तळत होते, भांडी धुण्याचा ढीग पडला होता, शंभर माणसांना हात धुवायचे होते.

पंगतीत चौथीतली एक मुलगी बसली होती, शनिवारच्या वर्गातली, आईबाप सोलापूरकडचे. ओरडा ऐकल्यावर तिने वर पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, उष्ट्या हातानेच उठली आणि पिवळी कडी लावलेला कॉक आडवा केला. वर भाच्याच्या हाताखालचा पाण्याचा जोर एकदम ओसरला. टॉवेल काढला तर नळीच्या तोंडातून थेंब थेंब पडत होते. स्वयंपाकघरात पाणी चालू होतं. आचाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही.

भाचा भिजलेला सदरा घेऊन खाली आला. “कुणी बंद केलं?”

मुलगी घाबरली. “मी, काका. पिवळं म्हणजे पुढचं. मीच रंगवलंय ते.”

व्याही पानावरून उठून त्या भिंतीपाशी गेले. ते नाशिककडचे, पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी पाटी वाचली, कड्या हातात घेऊन पाहिल्या, आणि मग छताचं कापड एका कोपऱ्यातून उचलून आत डोकावले.

“हे झाकलंय का?” त्यांनी विचारलं.

भाच्याला उत्तर सुचेना. त्याने स्टूल आणलं आणि दोघांनी मिळून कापडाच्या गाठी सोडल्या. पहिल्या पंगतीची अजून कढी व्हायची होती. माणसं जेवता जेवता मान वर करून पाहू लागली. आत्याबाई वाढायच्या थांबल्या आणि कावेरी कुठली, पाऊस कुठला ते दाखवू लागल्या. जांभळ्या नळापाशी आल्यावर त्यांनी चिक्कबळ्ळापूरच्या तळ्यांचंही सांगितलं. व्याह्यांनी विचारलं, की उतार किती ठेवलाय, आणि आत्याबाईंनी तो बरोबर सांगितला.

संध्याकाळी भाई आला. नळी बदलली, पिवळा कॉक उघडला, गळत नाही याची खात्री केली. निघताना भाच्याने त्याला पैसे दिले आणि दाराशी थांबवलं.

“भाई, पुढच्या महिन्यात वरचं स्वयंपाकघर नवं करतोय. टाइल्सवाला सोमवारी यायचा आहे, पण त्याला थांबवतो. भिंत बंद करायच्या आधी तुम्ही या. दारं कुठे ठेवायची ते तुम्ही सांगा.”

“सर, टाइलमध्ये दार दिसेल.”

“दिसू द्या.”

भाईने पिशवी खाली ठेवली, टेप काढली आणि म्हणाला, “मग आत्ताच माप घेऊ. आधी सिंक कुठे येणार ते सांगा.”